तळाशी पांढरा थर

संध्याकाळी कुठे तरी पोपटी लागली आणि भांबुर्ड्याच्या पाल्याचा उग्र वास वाऱ्यावर आला, की आमच्या भागातल्या माणसांच्या तोंडाला पाणी सुटते. मला तिथून निघून जावेसे वाटते. गेल्या आठवड्यात अलिबागहून रेवसच्या रस्त्याने घरी येत होते. डावीकडच्या शेतात पोपटीचे मडके उपडे घातलेले, भोवती पेंढ्याचा जाळ, वालाच्या शेंगा आत शिजत असणार. रिक्षातल्या बायका हसून म्हणाल्या, "आला गं वास!" मी मात्र नकळत ओढणीला हात पुसू लागले. तळहात ओले झाले होते. शरीराला तर्क कळत नाही, जोड्या कळतात. माझ्या शरीराने दोन वर्षांपूर्वीच्या एका थंडीत या वासाची जोडी एका काचेच्या बरणीशी लावली. ती जोडी अजून सुटलेली नाही.

त्या थंडीत मी सव्वीस वर्षांची होते आणि एका बुडबुड्याची वाट पाहत होते.

हे वाक्य वाचायला गमतीचे वाटते, जगायला नव्हते. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आहे. पुण्यातल्या एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत गुणवत्ता विभागात तीन वर्षे काम केले. इतरांनी केलेल्या मालात काही चुकले आहे का, हे शोधण्याचे काम. दिवाळीत मी ते सोडले, कारण मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत किनाऱ्यावरच्या रानटी यीस्टवर काम सुरू होत होते आणि तिथे एकच जागा होती. प्रयोगशाळा चालवणाऱ्या मॅडमनी माझी प्रमाणपत्रे न उघडताच बाजूला ठेवली. "कागद सगळेच आणतात," त्या म्हणाल्या. "तू किनाऱ्यावरची आहेस ना? मग तुझ्याकडच्या माडीतलं यीस्ट माल्टच्या रसात चालवून दाखव. जिवंत, चालू असलेलं भांडं आण." मुदतीचा दिवस त्यांनी वहीत लिहिला. पौषातला एक शनिवार, दुपारी बाराच्या आत. त्या दिवशी भांडे सुरू नसेल तर जागा दुसऱ्या उमेदवाराला. नोकरी मी आधीच सोडली होती. परतीची वाट मीच बंद केली होती, आणि त्या वेळी मला तो धाडसीपणा वाटला होता.

माडी म्हणजे माडाची न उमललेली पोय, म्हणजे फुलोरा, छेदून काढलेला रस. पोयीतून पाझरताना तो नुसता गोड असतो, तेव्हा त्याला नीरा म्हणतात. हवेतले, सालीवरचे, मडक्याच्या रंध्रांतले यीस्ट त्यात उतरते आणि उन्हे चढेपर्यंत तो फसफसू लागतो. हेच यीस्ट मोड आणून वाळवलेल्या जवाच्या रसात, म्हणजे माल्टमध्ये, जगले तर ती बिअर. कागदावर हा प्रयोग इतका सोपा होता, की मी तो अगदी शेवटच्या पंधरवड्यात करायला घेतला. महत्त्वाकांक्षी माणसे आळशी नसतात. पण जे सोपे वाटते त्याचा ती अपमान करतात.

घरी मी दोन खोट्या गोष्टी सांगितल्या होत्या. पहिली, कंपनीने घरून काम करायला सांगितले आहे. दुसरी, मागच्या खोलीत जे चालले आहे ते व्हिनेगर आहे. बाबा आखाती देशातल्या एका बंदरावर क्रेन चालवतात; ते फोनवर भेटतात, त्यांना काहीही सांगता येते. आईला सांगणे अवघड. आई ओटीवर शिवणयंत्र घेऊन बसते आणि तिथून तिला सगळे घर ऐकू येते. कोणत्या खोलीत कोण उसासा टाकतो, हे ती पायडल न थांबवता ओळखते. मी जवाचा रस उकळला त्या दिवशी ती ओटीवरूनच ओरडली, "काय गं, गुरांचं आंबोण शिजवतेस की काय? आपल्याकडे गाय कुठाय?"

"व्हिनेगर आहे, आई. कंपनीचं."

"आणि बरणी कोणाची? कंपनीची?"

बरणी तिची होती. लोणच्याची, तीन लिटरची, स्वच्छ काचेची. तिच्या झाकणाला मी तापवलेल्या खिळ्याने भोक पाडले, त्यात रबरी नळी बसवली, कडेने मेण लावले आणि नळीचे दुसरे टोक पाण्याने भरलेल्या पेल्यात बुडवले. आत आंबणे सुरू झाले की वायू नळीतून येणार आणि पेल्यात बुडबुडा फुटणार. माझ्या पुढच्या आयुष्याची मोजपट्टी म्हणजे तो पाण्याचा पेला.

रस देणार होते अनंतकाका. शेजारच्या वाडीतले माड त्यांच्याकडे आहेत, माडी काढण्याचा परवाना त्यांच्या वडिलांपासूनचा. साठी ओलांडलेला, सुकटीसारखा वाळलेला माणूस. घोट्यांवर दोरीच्या फासाने पडलेले घट्टे. लहानपणी मी त्यांना माडावर चढताना पाहायचे, तेव्हा ते चढत नसत, जमीनच त्यांच्यापासून खाली उतरत असे. मी त्यांच्याकडे जाऊन स्पष्ट सांगितले, "काका, मला माडी हवी आहे. नीरा नको. प्रयोगासाठी." त्यांनी मान हलवली. शुक्रवारी पहाटे मडके आमच्या पायरीवर होते, वर केळीच्या पानाचा तुकडा बांधलेला. रस गोड लागला. मी म्हटले, अगदी ताजा आहे, अजून आंबायला लागलेला नाही. थंड केलेल्या जवाच्या रसात पेलाभर ओतला, झाकण लावले, घड्याळ पाहिले आणि वहीत वेळ लिहिली.

आता वाट.

पहिला दिवस शांततेत गेला. यीस्टला नव्या रसात स्थिरावायला वेळ लागतो; पुस्तके बारा तासांपासून तीन दिवसांपर्यंत काहीही सांगतात. त्यात थंडी. आमच्याकडच्या थंडीला बाहेरचे लोक हसतात, पण पौषात पहाटे विहिरीचे पाणी वाफाळते आणि पांढऱ्या कांद्याच्या वाफ्यांवर दव असे जड बसते, की पातीच्या टोकांवरचे थेंब उन्हातही बराच वेळ टिकतात. मी तापमान पाहिले, एकोणीस अंश. चालेल, असे लिहिले. दुसऱ्या दिवशी बरणीच्या तळाशी पांढरा, मऊ थर दिसला आणि मला इतका आनंद झाला की मी आईला मिठी मारली. "व्हिनेगर झालं वाटतं," ती म्हणाली. यीस्ट तळाशी असेच बसते, दाट सायीसारखे. मी फूटपट्टी लावून थराची जाडी मोजली. सकाळ-संध्याकाळ मोजू लागले. थर रोज थोडा वाढत होता आणि मी त्याचा आलेख काढत होते, निळ्या शाईने, बिंदू जोडत.

पेल्यातले पाणी मात्र आरशासारखे स्थिर होते.

भीती एकदम येत नाही, असे त्या आठवड्यात माझ्या लक्षात आले. ती आधी कारणांच्या रूपात येते. तिसऱ्या दिवशी मी कारणांची जुळणी करत होते: थंडी असेल, मेणाच्या भेगेतून वायू निसटत असेल, रसाला हवा कमी मिळाली असेल. मेण पुन्हा लावले. बरणी उन्हाच्या पट्ट्यात सरकवली, मग ऊन नको म्हणून मागे ओढली. चौथ्या दिवशी कारणे संपली आणि त्यांच्या जागी चित्रे आली. मॅडमच्या टेबलावर मुकी बरणी. पुण्याच्या जुन्या विभागप्रमुखांचा सहानुभूतीचा चेहरा. बाबांचा फोनवरचा आवाज, "काही हरकत नाही बेटा," ज्यात नेमकी सगळी हरकत असेल. आणि या चित्रांच्या मागे एक खाकी रंगाचे चित्र होते. आपल्या राज्यात घरात बिअर करणे कायद्याच्या नजरेत काय ठरते, हे मी सुरुवातीलाच वाचले होते आणि वाचून पान बंद केले होते. तेव्हापासून ओटीवर एखादी अनोळखी बाई ब्लाउजचे माप द्यायला आली, तरी मी मागच्या खोलीचे दार लावून घेई.

झाकण उघडून पाहता येत नव्हते. ती या कामातली सगळ्यात क्रूर गोष्ट. उघडले तर खोलीतले नको ते जीव आत शिरणार. न उघडले तर आत काय चालले आहे, की काहीच चालले नाही, हे कळणार नाही. सूक्ष्मदर्शक माझ्याकडे नव्हता. होते दोन डोळे, एक नाक आणि एक वही. मी जमिनीवर पालथी झोपून पेल्याच्या पातळीला डोळा लावत असे. समोरच्या काचेत माझाच डोळा, मोठा, वाकडा, पाण्याच्या पलीकडे. बाहेर खारीचा आवाज, नारळाची झावळी पडल्याचा आवाज, ओटीवर शिवणयंत्राची खडखड, आणि संध्याकाळी शेतातल्या पोपटीचा वास. आत काही नाही. मला त्या शांततेत आवाज ऐकू येऊ लागले: बारीक तडतड, एखादा दबका गुळगुळाट. मी श्वास रोखून ऐके आणि मग कळे, की ते माझ्याच कानातले रक्त आहे.

वाट पाहण्याला लोक संयम म्हणतात. मी त्या आठवड्यात संयमाचे निरीक्षण आतून केले आणि मला त्यात शांतपणाचा एक कणही सापडला नाही. हात बांधलेली भीती म्हणजे संयम, एवढीच व्याख्या मी देऊ शकते. शेतकरी, कोळी, कांदे लावणाऱ्या बाया सगळ्याच वाट पाहतात. पण त्यांना निदान मान वर करून आभाळाकडे बघता येते. मी एका झाकणाकडे बघत होते.

पाच दिवस उलटल्यावर, बुधवारी, मी उठले आणि आलेखात बिंदू टाकला. थर वाढलेला नव्हता. दुधी, निवांत, आदल्या संध्याकाळइतकाच. मी वही मिटली. तोंड धुऊन चप्पल घातली आणि अनंतकाकांकडे निघाले. आईने यंत्र थांबवले नाही, पण तिची मान माझ्यामागे वळलेली मला जाणवली.

काका वाडीत विळ्याला धार लावत होते.

"काय गो, सकाळी सकाळी? तोंड का असं उतरलंय?"

"काका, शुक्रवारच्या मडक्यात काही घातलं होतं का?"

"घालनार काय? चुना लावलेला."

"चुना?"

"लावतात ना. न्हायतर उन्हं चढंस्तवर फसफसतंय त्ये. तुज्या मडक्याला दोन बोटं जास्तीच लावला. शिपल्यांचा हाय, बाजारचा न्हाय." त्यांच्या आवाजात चांगले काम केल्याचे समाधान होते.

मी वाडीच्या दगडी गडग्यावर बसले. नीरा गोड राहावी म्हणून मडक्याला आतून चुना लावतात, हे मला ठाऊक होते. चुना लावलेल्या मडक्यात यीस्ट वाढत नाही, म्हणूनच तर लावतात. हे वाक्य मी परीक्षेत लिहिले आहे.

"पण मी माडी मागितली होती, काका. नीरा नको, असं सांगितलं होतं."

"आयकलं व्हतं. कान शाबूत हायत माजं."

"मग?"

"मग काय? माज्या बापानं कवा दिली न्हाय, मी बी देत न्हाय. घरातल्या लेकीच्या हातात चुन्याबिगर मडका जात न्हाय आमच्याकडून. तू किती बी शिकलीस तरी लेक ती लेकच ना?"

"मला प्यायची नाहीये ओ! मला त्यातले फक्त जीव हवेत. जंतू."

विळा थांबला. "जंतू?" ते सावकाश म्हणाले. "माज्या माडीत जंतू? ह्ये बोललीस त्ये बोललीस, आता गावात बोलू नकोस. गिऱ्हाईक तुटंल."

मी तशीच घरी आले, बरणीचे झाकण फिरवून काढले आणि लांब चमच्याने तळाचा पांढरा थर उचलून बशीत घेतला. त्यावर लिंबू पिळले. थर फसफसला. बारीक बुडबुड्यांचा फेस बशीभर पसरला आणि विरला. पाच दिवस ज्या वायूची मी पालथी पडून वाट पाहिली, तोच हा वायू. फक्त जिवंत कशातून नव्हे, शिंपल्यांच्या, हवेत मुरलेल्या चुन्यातून निघालेला. मी चुना मोजत होते. निळ्या शाईने, दिवसातून दोनदा. रसाची आम्लता पाहायला कागदाची एक पट्टी बुडवली असती तरी पहिल्याच मिनिटाला कळले असते, आणि तशा पट्ट्यांची डबी माझ्या खणात होती. मी ती उघडली नाही, कारण माझ्या ओळखीच्या माणसाने दिलेल्या वस्तूची तपासणी करायची असते, हे माझ्या मनातही आले नाही. कंपनीत मी अशा चुकीसाठी लोकांना पत्रे लिहिली होती.

हातात दोन दिवस आणि एक सकाळ उरली होती. थोडा जव शिल्लक होता. आणि काकांची अट होती, ती त्यांनी मी गडग्यावरून उठतानाच सांगितली होती: "आयशीला घेऊन ये. ती बोलली तर देतो. तुजा बापूस तिकडं परदेशात, उद्या त्यानं मला इचारलं तर?"

म्हणजे आईला सांगणे आले. खरे सांगते, त्या पाच दिवसांतली सगळी भीती एका पारड्यात टाकली तरी मागच्या खोलीपासून ओटीपर्यंतच्या त्या बारा पावलांची भीती जड होती. आईच्या तोंडात टाचण्या होत्या. समोर कोणाचा तरी जांभळा ब्लाउज.

"ते व्हिनेगर नाही," मी म्हटले.

"ठाऊक आहे," टाचण्यांच्या फटीतून ती म्हणाली. "व्हिनेगरला एवढं कोण घाबरतं?"

"नोकरी सोडलीय मी. दिवाळीतच."

तिने टाचण्या एकेक करून बाहेर काढल्या आणि उशीला टोचल्या. मग विचारले, "सोडलीस की काढलं?"

"सोडली."

"हात् मेली!" तिने यंत्रावर डोके टेकवले. ते उचलले तेव्हा डोळे ओले होते आणि ती चक्क चिडलेली होती. "मला वाटलं काढलं. नाहीतर काही दुखणं आहे आणि लपवतेयस. नऊ वाजले तरी तो कॉम्प्युटर उघडत नाहीस, जमिनीवर पडून राहतेस. महिनाभर बाह्या उलट्या बसवतेय मी, एक बाई तर भांडून गेली."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर खोटं बोलली असतीस. मग ते आणखी एक निस्तरा. त्यापेक्षा म्हटलं, बोलेल तेव्हा बोलेल."

घरात वाट पाहणारी मी एकटी नव्हते, हे मला तेव्हा कळले. आणि तिच्याकडे तर पेलाही नव्हता.

"बिअर आहे ती, आई."

हे मात्र तिला ठाऊक नव्हते. तिचा चेहरा एकदम लहान झाला. तिच्या माहेरी, खाडीपलीकडे, एका माणसाचे गावठी पिऊन डोळे गेले होते; तो भिंतीला हात लावत शेतावर जायचा आणि मुले त्याच्या वाटेत दगड ठेवायची, असे तिने सांगितले. मी तिला समजावले, की ती दारू गाळलेली असते, भलतेसलते घालून केलेली. इथे गाळणे नाही, जव आहे, पाणी आहे, माडीतले जीव आहेत. तिने शाळकरी मुलीसारखे ऐकले.

"नक्की?"

"नक्की."

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते. पण त्याची नाही."

"मग?"

"ते सुरूच होणार नाही याची."

आईने जांभळ्या ब्लाउजची घडी घातली आणि चपला शोधू लागली.

वाडीत ती गडग्याच्या अलीकडेच उभी राहिली, पदर खांद्यावर घेऊन. "भाऊजी, तिला बिनचुन्याची द्या."

"वयनी, इचार केलाव ना?"

"केला. ती पिणार नाही. आणि प्यायली तर माझ्यासमोर पिईल."

काका इतके हसले की विळा खाली ठेवावा लागला. "मंग उद्या पहाटं," ते म्हणाले. गुरुवारी त्यांनी आपले रोजचे मडके दिले, काळपट, कधीही साबण न लागलेले, तोंडाशी आंबूस वास. मी पट्टी बुडवली. यावेळी बुडवली. मग नवा रस, तीच बरणी, झाकणावर नवे मेण. आईने उंबऱ्यातून पाहिले आणि म्हणाली, "या गारठ्यात इडलीचं पीठ तरी वर येतं का? गुंडाळ त्याला." तिने जुनी गोधडी आणली. मी तापमापक लावला, तिने गोधडीत हात घालून पाहिले, आणि दोघींचे एकमत झाले की अजून एक चादर हवी.

पण गुरुवारची सकाळ गेली, संध्याकाळ गेली, शुक्रवारही गेला. पेला स्थिर. आता चुन्याची सबब नव्हती. आता जे न होणे होते, ते माझेच न होणे होते. आई मध्येच येऊन पेल्याकडे पाही आणि परत यंत्राकडे जाई. शुक्रवारी तिने तीन ब्लाउज शिवले, तिन्हींच्या बाह्या सरळ. माझ्याच्याने वहीत एकही ओळ लिहवली नाही.

पुढे काय झाले ते इथेच सांगते, म्हणजे वाचणाऱ्याला ताटकळत ठेवल्याचे पाप नको. मॅडमनी बरणीतला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घेतला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "आहेत." मला जागा मिळाली. चुन्याचा आलेखही मी त्यांना दाखवला. त्यांनी तो शांतपणे पाहिला आणि पट्ट्यांची डबी यापुढे खणात नाही, टेबलावर ठेवायची, एवढे सांगितले. आज तेच काम मी परवान्याच्या चौकटीत, कुलपाच्या दाराआड करते. भांडी मोठी आहेत, यंत्रे दर मिनिटाला आकडे देतात. तरीही प्रत्येक नवे भांडे सुरू होईपर्यंत माझे तळहात ओले असतात, आणि सहकाऱ्यांना मी ते कधी सांगत नाही. पण मला लिहायचे होते ते प्रयोगशाळेबद्दल नाही. ते त्या शनिवारच्या सकाळबद्दल आहे, रेवसहून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याकडे जाणाऱ्या लाँचवर.

आई म्हणाली होती, "एकटी काय जातेस, बरणी कोण धरणार?" रेवसच्या धक्क्यावर एक हवालदार चहा पीत उभा होता. त्याच्या समोरून जाताना मी मागेच रेंगाळले. आई गोधडीत गुंडाळलेली बरणी कडेवरच्या मुलासारखी धरून पुढे गेली. नळीचे टोक आम्ही पाण्याच्या एका लहान बाटलीत सोडून ती बाटली बरणीला सुतळीने बांधली होती. लाँच सुटली. खाडीचे गढूळ पाणी मागे पडले, इंजिनाच्या धडधडीने लाकडी बाक थरथरत होते, आणि त्यांच्याबरोबर बरणी, आणि बरणीबरोबर आईची मांडी. मी मॅडमना सांगायची वाक्ये जुळवत होते. नम्र, मुद्देसूद, अपयशाचे विश्लेषण करणारी वाक्ये. ती फार चांगली जमत होती.

समोरच्या बाकावर सुक्या बोंबलांची टोपली घेऊन एक बाई बसली होती. तिने गोधडीकडे बोट केले. "काय हाय गो बरनीत? लोनचा?"

"बिअर," आई मोठ्याने म्हणाली. "माझ्या मुलीने केलीय."

आजूबाजूची दहा-बारा डोकी वळली. मी त्यांत खाकी टोपी शोधू लागले. आणि मग ती बाई टोपलीवर हात आपटून हसू लागली. "बगा बगा, ही मावशी काय बोलते! बिअर म्हनं! लेकीनं केलेली!" सगळी लाँच हसली. आईही हसली. खरे इतके उघड सांगितले, की कोणी त्यावर विश्वासच ठेवला नाही.

हसण्याच्या त्या गलक्यात आईने माझा दंड धरला. जोराने, नखे रुतेपर्यंत. हनुवटीने खाली दाखवले.

बाटलीतल्या पाण्यात, नळीच्या तोंडाशी, एक बुडबुडा लटकत होता. तो फुगला, थरथरला, सुटला. त्याच्या जागी दुसरा आला. मी म्हटले, हा इंजिनाचा हादरा असेल. तिसरा आला. मग त्यांच्यात लय आली, आणि ती इंजिनाची नव्हती. तीन लिटरच्या अंधारात काही तरी सुरू झाले होते आणि आता ते माझ्या सांगण्याने थांबणार नव्हते. मी जुळवलेली सगळी चांगली वाक्ये निरुपयोगी झाली. त्या क्षणी मला आनंद व्हायला हवा होता. मी तो शोधलाही. पण छातीत भरली ती भीतीच, आठवडाभराच्या भीतीपेक्षा मोठी आणि निराळी. हरले असते तर घरी परत यायचे होते, एवढेच. त्यासाठी लागणारी वाक्ये तयार होती. आता पुढे जायचे होते, आणि त्यासाठी माझ्याकडे एकही वाक्य नव्हते. मला रडू फुटले. बोंबीलवाली हसायची थांबली.

"आता काय झालं?" आई माझ्या कानाशी ओरडली. "सुरू झालं ना?"

"म्हणूनच," मी म्हटले.

तिने माझ्याकडे पाहिले, मग पाण्याकडे. तिने बाटलीची सुतळी घट्ट केली. मग गोधडीसकट बरणी उचलून तिने माझ्या मांडीवर ठेवली आणि दोन्ही पाय बाकाखाली लांब केले.

"मग धर आता तूच," ती म्हणाली. "माझ्या पायांना मुंग्या आल्या."